वॉशिंग्टन आडनाव नेमकं आलं कुठून?

निळावंती: अमेरिकेच्या राजधानीचं नाव जॉर्ज वॉशिंग्टनवरून पडलं हे सगळ्यांना माहितीय, पण मग त्याचं आडनाव कशावरून पडलं? इंग्लंडमध्ये त्याच नावाचं एक गाव आहे म्हणे. म्हणजे आधी गाव का आधी आडनाव? आणि आपल्या -कर सारखंच आहे का हे?

जुनापुराणा: आधी गाव, नक्की. ईशान्य इंग्लंडमध्ये संडरलंडजवळ आहे, पूर्वी डरहॅम परगण्यात होतं. आणि गंमत म्हणजे हे घराणं मूळचं तिथलं नव्हतंच! मूळपुरुष विल्यम द हर्टबर्न, म्हणजे हर्टबर्नचा विल्यम, त्याने हर्टबर्न डरहॅमच्या बिशपला दिलं आणि त्या बदल्यात वॉशिंग्टन घेतलं. बिशपने ११८३ मध्ये आपल्या जमिनीजुमल्याची नोंदवही करून घेतली, बोल्डन बुक म्हणतात तिला, त्यात ही अदलाबदल नोंदलेली आहे. गाव बदललं तसं नावही बदललं, कारण तेव्हा आडनावं कायमची चिकटलेलीच नव्हती.

पायवाट: -कर बद्दल सांगतो. तिकडे दोन प्रकार होते. जमीनदार आपल्या ताब्यातल्या गावाचं नाव लावायचा, विल्यमचं तेच झालं. साध्या माणसाला मात्र गाव सोडल्यावर ते नाव मिळायचं, कारण गावात राहून सगळेच त्या गावचे, तिथे ओळख कशी पटणार. त्यामुळे एकाच गावाचं आडनाव लावणारे लोक एकमेकांचे नातलग असतीलच असं नाही, वंशावळ शोधणारे इथेच फसतात. गावाच्या नावात शेवटचं टन म्हणजे वाडी, वस्ती, आणि सुरुवातीला कुणा ह्वासा नावाच्या माणसाचं नाव आहे असं मानतात. ससेक्समध्येही एक वॉशिंग्टन आहे पण जॉर्जचं घराणं तिथलं नाही.

निळावंती: वा, मस्त माहिती! मग अमेरिकेत कसे पोचले?

जुनापुराणा: घराण्याची एक शाखा पुढे दक्षिणेकडे सरकली. लॉरेन्स वॉशिंग्टनने १५३९ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधलं सल्ग्रेव्ह घेतलं, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने मठांच्या जमिनी काढून घेऊन विकायला काढल्या होत्या त्यातलं. त्याच्याच वंशातला जॉन १६५६ च्या सुमारास व्हर्जिनियात गेला, तो जॉर्जचा पणजोबा.

ओवी_२: पण सगळ्यात महत्त्वाचं राहिलं की. २००० च्या जनगणनेत अमेरिकेत हे आडनाव लावणाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के लोक कृष्णवर्णीय होते. जॉर्जला स्वतःचं मूल नव्हतं, आणि या लोकांचे पूर्वज त्याच्याच मळ्यावर गुलाम होते असंही सरसकट धरता येत नाही, गुलामगिरी संपल्यावर कित्येकांनी आडनाव स्वतः निवडलं. बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञाचंच बघा, जन्म गुलामीत, आडनाव नाहीच, शाळेत हजेरीला विचारलं तेव्हा त्याने वॉशिंग्टन सांगून टाकलं, आणि ते त्याच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव होतं! डरहॅमच्या गावाशी त्याचं काही रक्ताचं नातं शोधत बसू नका, पण आडनाव त्याचंच, त्याने स्वतः घेतलेलं.