गच्चीवरचा बाण सूर्ययानाकडे वळवायचाय, पण भर दुपारी तो येऊरकडे बघतोय

कोपरीचा_लेथवाला:

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणपतीला यंदा आदित्य-एल१चा, म्हणजे इस्रोच्या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानाचा, देखावा आहे. वागळे इस्टेटला लेथवर बावीस वर्षं काढल्यामुळे यंत्राचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. पुठ्ठ्याचं यान झालं करून. पण म्हटलं, नुसतं टांगून काय मजा? शेजारी एक बाण लावू, खरं यान आत्ता आकाशात जिथे असेल तिकडेच त्याचं टोक. दोन स्टेपर मोटर, एक अर्डुइनो, खाली भंगारातलं बेअरिंग. एक मोटर दिगंश (उत्तरेपासूनचा आडवा कोन) फिरवते, दुसरी उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन).

आकडे नासाच्या जेपीएलच्या होरायझन्सवरून घेतले, ग्रह आणि यानं कुठे दिसतील ते सांगणारी ही ऑनलाइन सेवा. अक्षांश १९.२ उत्तर, रेखांश ७२.९७ पूर्व, तासातासाचा तक्ता. तपासायला आधी सूर्यच घेतला, तो चुकला तर निदान कळेल तरी. काल दुपारी बाराला ऊन टाळूवर, सावली पायाशी, आणि आमचा बाण थेट पश्चिमेला येऊरच्या डोंगराकडे, क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश वर! टाकीची मोटर बंद करायला आलेला वॉचमन म्हणतो, "साहेब, आज संध्याकाळ लवकर झाली काय?"

तीन दिवस वायरी उलटसुलट करून झाल्या. लेथवर अर्धा अंश चुकला तरी मला झोप येत नाही, इथे तर सगळंच आडवं.

अजून दोन शंका. रात्री बाण जमिनीत शिरतो, ते बरोबर का? आणि सेक्रेटरी म्हणतात, एल१ म्हणजे यानाचा तो बिंदू सूर्य-पृथ्वीच्या रेषेवरच आहे, मग सूर्याचेच आकडे लावून मोकळे व्हा. चालेल का?

घणसोली_९९:

ॲप टाका ना सरळ. एवढा उपद्व्याप कशाला.

नेरुळची_सावली:

वॉचमनदादांनी बरोबर पकडलं बघा! तुमचा बाण खरंच संध्याकाळ दाखवतोय. होरायझन्सचा तक्ता जागतिक वेळेत असतो. तुम्ही १२:००ची ओळ वाचलीत, ती आपल्या घड्याळाची संध्याकाळची साडेपाच. आपल्या दुपारी बारासाठी ०६:३०ची ओळ हवी. तासाच्या तक्त्यात ती सापडणारच नाही, म्हणून अर्ध्या तासाचा काढा. वायरींना उगाच बोल लावलात.

वेळ सुधारल्यावरही बाण थोडा तिरका वाटला तर उत्तर दिशा तपासा. गच्चीवर मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका, टाकीच्या आणि स्लॅबच्या लोखंडाने सुई भरकटते. गवंड्याचा ओळंबा टांगा. सध्या ठाण्यात सूर्य १२:३६च्या सुमारास माथ्यावरची रेषा ओलांडतो. त्या मिनिटाला दोरीची सावली पडेल ती खरी उत्तर, खडूने आखून ठेवा. बाराला नाही हां, भारताचं घड्याळ ज्या ८२.५ रेखांशावर लावलंय त्याच्या आपण बरेच पश्चिमेला आहोत.

ऐरोलीचा_अभ्यासक:

बाण जमिनीत शिरणं अगदी बरोबर. रात्री यान पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असतं, उन्नतांश उणे येतो. बंगळुरूजवळच्या ब्यालालूच्या अँटेनालाही तेव्हा आदित्य दिसत नाही. इतर देशांतल्या अँटेना लागतात त्या यासाठीच, युरोपीय अवकाश संस्था त्यात मदत करते.

सेक्रेटरींचं मात्र ऐकू नका. आदित्य एल१ बिंदूवर बसलेलं नाही, ते बिंदूभोवती फिरतं. नेमकं रेषेवर असतं तर त्याच्या बारीक आवाजामागे सूर्याचा रेडिओ गोंगाट उभा राहिला असता, भोंग्यासमोर उभं राहून कुजबुजल्यासारखं. म्हणून ६ जानेवारी २०२४ ला त्याला प्रभामंडल कक्षेत, म्हणजे बिंदूभोवतीच्या मोठ्या कड्यासारख्या वाटेवर, सोडलं. एक फेरी सुमारे १७८ दिवसांची. पृथ्वीपासून अंतर १५ लाख किमी, बाजूला साधारण ६.६ लाख किमीपर्यंत, वर-खाली १.२ लाख. म्हणजे सूर्यापासून ते २४ अंशांपर्यंत सरकतं. हात लांब करून मूठ धरली की १० अंश, तर जवळजवळ अडीच मुठी. आणि मुठी मोजताना सूर्य टाकीमागे लपवा, डोळे सांभाळा.

आदित्यऐवजी दुसऱ्या सूर्ययानाचे आकडे लावायचे म्हटलं, तर सोहोही एल१भोवतीच असतं, होरायझन्समध्ये त्याचा क्रमांक उणे २१. पण ते आदित्य नव्हे. दोघांच्या कक्षा सारख्या वाटल्या तरी त्यावर कोण कुठे पोचलंय ते वेगळं. नासाचं पार्कर यान, क्रमांक उणे ९६, हे तर भलतंच प्रकरण. ८८ दिवसांत सूर्याभोवती फेरी. २४ डिसेंबर २०२४ ला ते सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किमीवर होतं, तेव्हा तुमचा बाण सूर्यापासून तीन अंशसुद्धा हलला नसता.

कोपरीचा_लेथवाला:

ताई, १२:३६ ला ओळंब्याची रेघ मारली. माझी उत्तर सहा अंशांनी चुकलेली होती! वेळही सुधारली. आज बाराला बाणाची सावली नुसता ठिपका. पोरांनी टाळ्या वाजवल्या, वॉचमन मात्र जरा हिरमुसला.

बाणाला आता सोहोचे आकडे लावलेत, म्हणून त्यावर चक्क 'सोहो' लिहिलंय, खोटं कशाला दाखवायचं? आदित्यसाठी वेगळं केलं. डोळ्यापासून अर्ध्या मीटरवर तारेची लंबगोल कडी, रुंदी ४४ सेंमी, उंची ८, मध्ये सूर्य. आदित्य या कडीवर कुठेतरी. सेक्रेटरींनी मुठी मोजून पाहिल्या, मग गप्प बसले.

ऐरोलीचा_अभ्यासक:

झकास! फक्त कडी कायम आडवी ठेवू नका. तिची लांब बाजू क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वर्षभराच्या वाटेला, धरून असते, आणि क्रांतिवृत्त सकाळी वेगळं कलतं, संध्याकाळी वेगळं.

कोपरीचा_लेथवाला:

म्हणजे तिसरी मोटर. वर्गणी संपलीय हो. वॉचमनला विचारलं, तो तयार आहे, दर तासाला येऊन हाताने फिरवीन म्हणतो. खडूच्या खुणा करून देतो त्याला.