मतिमंद मुलाच्या निवासी खर्चाची जबाबदारी घ्यायचीय, काय बघावं?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा १९ वर्षांचा आहे, मतिमंद, नवरा नाहीये आणि त्या कामावर निघाल्या की त्याला घरात कोंडून जावं लागतं, ऐकून रात्रभर झोप नाही लागली. एखाद्या निवासी संस्थेत ठेवलं तर खर्च मी आणि बहीण मिळून देऊ, पण कुठून सुरुवात करू?

सातारकर:
आधी संस्थेची वयाची अट विचारा! बऱ्याच ठिकाणी १८ पर्यंतच ठेवतात. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला अनाथ अपंग मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर याच १८ नंतरच्या प्रश्नासाठी इतकी वर्षं भांडतायत. प्रौढांना ठेवून घेणारी नॅशनल ट्रस्टची (मतिमंद वगैरे अपंगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) घरौंदा योजना आहे, आता तिचं नाव समर्थ-कम-घरौंदा, तिथे चौकशी करा.

मीनल_पुणे:
यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर पहिलं ते काढा, मग नॅशनल ट्रस्टचाच निरामय आरोग्य विमा, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीसुद्धा धरतात. पैसे थेट संस्थेला द्या, पावती घ्या. आणि प्लीज, एक वर्ष देऊन थांबू नका, माझ्या भावाचं तसंच झालं, परत घरी आणावं लागलं, तो महिनाभर नीट जेवला नाही.

प्रश्नकर्ती:
बापरे. मग निदान पाच वर्षांचे पैसे आधी बाजूला काढते. ताईंनाच विचारते आधी, त्यांना त्याला लांब ठेवायचंय का ते.