रशियन खेळाडू आणि परदेशी लीग

रशियन महिला आइस हॉकीपटू घरच्याच लीगमध्ये अडकून पडतात, असं म्हटलं जातं; बऱ्याच जणींच्या बाबतीत ते खरं असेल, पण ईया गावरिलोवाला ते लागू होत नाही. रशियातल्या क्रास्नोयार्स्कची ही फॉरवर्ड (आक्रमणात खेळणारी खेळाडू) २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये खेळली तेव्हा अवघी अठरा वर्षांची होती. तिथे कॅनडाने रशियाला १२-० असं धुतलं. त्या कॅनडाच्या संघात हेली विकेनहायझर आणि डॅनियल गोयेट दोघीही होत्या. पुढे ईया शिकायला अमेरिकेत मिनेसोटा-डुलुथ विद्यापीठात आणि नंतर कॅनडात कॅलगरी विद्यापीठात गेली. तिथे गोयेट तिची प्रशिक्षक आणि विकेनहायझर सहकारी! २०१२ मध्ये कॅलगरीच्या या संघाने कॅनडाचं विद्यापीठ विजेतेपद जिंकलं, आणि २०१५ मध्ये ईया तिथल्या विद्यापीठ हॉकीतली सर्वोत्तम खेळाडू ठरली.

२०१३ च्या जागतिक स्पर्धेत रशियाला कांस्य मिळालं, त्या संघातही ती होती. मला तिचं फार कौतुक वाटतं ते यासाठी की ज्यांच्याकडून इतका मार खाल्ला, त्यांच्याच देशात जाऊन, त्यांच्याच हाताखाली ती खेळ शिकली. रशियन महिला हॉकीच्या चर्चेत तिचं नाव आधी यायला हवं.