अँब्युलन्समध्येच रक्त का देत नाहीत?

प्रश्न (शिरपूरहून)
पळासनेरजवळ काकांच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, पॅन्ट रक्तानं चिंब. अँब्युलन्समध्ये सलाईन लावलं, पण रक्त धुळ्याला पोचल्यावरच मिळालं. काका वाचले. तरी विचारतो, रस्त्यातच का देत नाहीत?

उत्तर (ब्लड बँक टेक्निशियन, धुळे)
भाऊ, काका वाचले, फार बरं वाटलं. लंडनच्या हवाई अँब्युलन्समध्ये २०१२ पासून रक्ताच्या पिशव्या असतात. आपल्याकडे पहिली अडचण गटाची. रस्त्यात क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ही तपासणी, होत नाही, म्हणून सहसा कुणालाही चालणारं ओ निगेटिव्ह हवं, आणि ते आपल्याकडे शंभरात जेमतेम दोनेक जणांचं. दुसरी अडचण उन्हाची. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांतच ठेवावी लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ वर जातो, गाडी दिवसभर उन्हात उभी. पेटीतली थंडी सुटली की पिशवी फेकावी लागते. ती फेकताना माझा हात जड होतो, रांगेत बसून कुणीतरी दिलेली असते हो. शिवाय गार रक्त भराभर देता येत नाही, ते कोमट करणारा वॉर्मर लागतो. अंग गार पडलं की रक्त गोठेनासं होतं.

उत्तर (डॉक्टर, नंदुरबार)
अंतरही बघा. अमेरिकेत हेलिकॉप्टरमधून नेताना प्लाझ्मा (रक्तातला पेशी सोडून उरलेला द्रव) दिला, तर ३० दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांऐवजी २३ टक्के झाले. हा अभ्यास २०१८ चा. त्याच वर्षी डेन्व्हर शहरात, दवाखाना जवळ असताना, फायदा दिसला नाही. म्हणून मला हायवेपेक्षा दवाखान्यापासून लांब, धडगाव-मोलगीच्या घाटातल्या पेशंटची जास्त काळजी वाटते.

प्रश्नकर्ता
मग आज काय करता येईल?

उत्तर (टेक्निशियन)
जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सामिक अॅसिडचं इंजेक्शन स्वस्त आहे. २०१० मध्ये वीस हजारांवर जखमींवर तपासलंय. पण ते तीन तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. उशिरा दिलं तर अपाय होतो. आणि गाडीतूनच दवाखान्याला फोन जायला हवा: पुरुष की बाई, वय किती, रक्त किती गेलंय. तेवढ्यावर आम्ही पिशव्या बाजूला काढून ठेवतो. रक्तगटाचं कार्ड आणायला कुणाला घरी पळवू नका, आम्ही नमुना नव्यानं तपासतोच.