न नांगरता गहू, मग तणाचं काय?

भात कापल्यावर शेत न नांगरता थेट गहू पेरायचा म्हटलं की लोक विचारतात, नांगरलंच नाही तर तण माजणार नाही का, म्हणून लिहितोय. पंजाब-हरियाणात गव्हातलं सगळ्यात त्रासदायक तण म्हणजे गुल्ली डंडा, आणि नांगरट करून त्याचं खोल गेलेलं बी आपणच वर आणतो. बियाण्यापुरती रेघ उकरली, मधे भाताचा पेंढा तसाच राहिला की तणाच्या बियाला उजेड मिळत नाही, बरंचसं दबतं. पूर्ण जात नाही हां, सुरुवातीला तणनाशक लागतंच, आणि हे लपवून प्रचार करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

अशा पेरणीसाठी हॅपी सीडर नावाचं यंत्र आहे, ट्रॅक्टरमागे लावायचं, पुढची पाती पेंढा कापतात, फण बी आणि खत एकदम सोडतात, पेंढा परत वर पसरतो. म्हणजे जाळायचं कारणच उरत नाही आणि मशागतीचे दिवस वाचून पेरणी लवकर उरकते. ते फार महत्त्वाचंय, कारण उशिराचा गहू दाणे भरताना मार्चच्या उन्हात सापडतो. २०२२ आठवा, मार्च तापला, उत्पादन घटलं आणि मे महिन्यात निर्यातबंदी आली. आपण मुंबईकर वाण्याकडे लोकवन नाहीतर सिहोर मागतो आणि भाव वाढला की कुरकुरतो, पण त्यामागे हे सगळं असतं.

फक्त नत्राकडे लक्ष द्या, पेंढा कुजताना मातीतला नत्र जिवाणू वापरतात, रोपं पिवळी पडू शकतात, म्हणून युरिया पेंढ्यावर फेकण्यापेक्षा पेरताना ओळीत खत दिलेलं बरं.