रक्तातलं इन्फेक्शन आणि एनडीएम-१ जीन

वर कोणीतरी लिहिलंय की सारखी अँटिबायोटिक्स घेऊन शरीरालाच त्यांची सवय लागते. तसं नसतं हो, रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देणं, जंतूंमध्ये येतो, आणि मला जास्त भीती याची वाटते की तो एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो. एनडीएम-१ हा असाच रेझिस्टन्स देणारा जीन दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या पेशंटच्या क्लेबसिएला नावाच्या जंतूत सापडला, २००९ मध्ये पेपर आला. तो असतो प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर, त्यामुळे क्लेबसिएलाकडून ई. कोलाय या दुसऱ्या जंतूकडे सरळ जाऊ शकतो आणि मग तोही मेरोपेनेमसारखं तगडं अँटिबायोटिक तोडून टाकायला लागतो. असा जंतू रक्तात गेला की डॉक्टरांकडे फार थोडं उरतं, कोलिस्टिन, जे किडनीला त्रास देतं, नाहीतर सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम आणि अझट्रिओनाम एकत्र.

सासूबाई परळला आयसीयूत होत्या तेव्हा हे सगळं जवळून बघितलं. म्हणून कळकळीने सांगते, साध्या सर्दीतापाला दादरच्या केमिस्टकडून अझिथ्रोमायसिनची स्ट्रिप आणून खाऊ नका, व्हायरलवर ती चालतच नाही. आणि पेशंट अ‍ॅडमिट असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात कोणता जंतू आहे ते बघायची टेस्ट) घेतलं का, एवढं विचाराच. इमर्जन्सी असेल तर मात्र त्यापायी डोस लांबवू नका.