मदत हवी आहे: मागून ठोकलं, समोरचा विम्याची माहिती देत नाही

गिरणाकाठ
परवा रविवारी पद्मालयहून येताना एरंडोल आणि पाळधीच्या मध्ये हायवेला पिकअपने मागून ठोकलं. डिकी आत गेली, बंपर आणि दोन्ही टेललॅम्प फुटले. मी माझ्या पॉलिसीचा आणि आरसीचा फोटो त्याला तिथल्या तिथे पाठवला. त्याने नुसता मोबाइल नंबर दिला, ‘मालकाला विचारून पाठवतो’ म्हणाला. आता फोन उचलत नाही. गॅरेजवाला ३८,००० सांगतोय. पिकअपवाल्याचा पॉलिसी नंबर कसा काढायचा, एवढंच सांगा. जरा लवकर.

केळीबाग_रावेर
गाडीचा नंबर आहे ना? एमपरिवहन ॲपमध्ये टाका. विमा कंपनी कोणती आणि मुदत कधीपर्यंत ते दिसेल. मालकाचं नाव मात्र अर्धं झाकलेलं असतं.

साक्रीवाला
भाऊ, मन्हा बी असाच अनुभव शे. पैसे जागेवरच घ्यायचे होते. माझं दार नेरजवळ एकाने घासलं, चार हजार हातात घेतले, विषय संपला. विम्याच्या मागे लागलं की चपला झिजतात.

सर्व्हे_काका
साक्रीवाले, हा सल्ला कृपा करून देऊ नका. दाराचं ठीक आहे. डिकीचं पॅनल उघडल्यावर आतली पट्टी वाकलेली निघाली की चार हजारांत काय होणार? २२ वर्षं गाड्यांचे सर्व्हे केलेत, असे पस्तावलेले लोक खूप पाहिले.
गिरणाकाठ, आधी हे सांगा. तुमची पॉलिसी फुल आहे, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी, की फक्त थर्ड पार्टी, दुसऱ्याच्या नुकसानीपुरती? पोलिसांत नोंद केली का? गाडी कोण चालवत होतं? कोणाला लागलं का?

गिरणाकाठ
विमा आहे, चालू आहे. गाडी मेहुणे चालवत होते, लायसन्स आहे त्यांचं. पोलीस नाही बोलावले. मागे रांग लागली होती, मागचा ट्रकवालाही उतरून ओरडायला लागला. लागलं कोणाला नाही. मला फक्त त्याचा पॉलिसी नंबर हवा आहे.

पारोळा_७७
कोणता मागचा ट्रक?

गिरणाकाठ
पिकअपच्या मागे ट्रक होता. ट्रकने त्याला ढकललं म्हणून तो आमच्यावर आला, असं पिकअपवाला म्हणतो. नंतर ट्रक निघून गेला.

सर्व्हे_काका
अहो, हे आधी सांगायचं ना! पिकअप उभा असताना ट्रकने ढकलला असेल तर पिकअपची विमा कंपनी ट्रककडे बोट दाखवणार. मेहुण्यांना नीट विचारा, धक्का एक बसला की दोन? दोन बसले असतील तर पिकअप आधी स्वतः आदळला असू शकतो. पिकअपच्या मागच्या फाळक्याचा फोटो काढलाय का?

भुसावळ_जंक्शन
क्लेम टाकण्याआधी नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्यावर हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, विचार करा. पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत वाढत ५० पर्यंत जातो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. शिवाय झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. बंपर म्हणजे प्लास्टिकच.

पारोळा_७७
डॅशकॅम लावा हो सगळ्यांनी, पुढे आणि मागे. मी लावल्यापासून निर्धास्त आहे.

केळीबाग_रावेर
डॅशकॅम काय करणार? चौपदरी झाल्यापासून लोक शंभरच्या खाली चालवतच नाहीत. पूर्वीचा रस्ता खड्ड्यांचा होता, पण अंतर ठेवून चालवायचे.

पारोळा_७७
खड्ड्यांच्या रस्त्यावर माणसं मेली नाहीत का? काहीही बोलता.

गिरणाकाठ
रस्त्याचं नंतर बोला. पॉलिसी काढून बघितली. वर ‘लायबिलिटी ओन्ली’ लिहिलंय. एजंटने तर ‘सगळं आहे’ सांगितलं होतं.

सर्व्हे_काका
म्हणजे फक्त थर्ड पार्टी. तुमच्या कंपनीकडून तुमच्या डिकीसाठी रुपया मिळणार नाही, बोनसचा प्रश्नच नाही. तुमचे पैसे ज्याची चूक त्याच्या थर्ड पार्टी विम्यातूनच येऊ शकतात. म्हणूनच समोरच्याची माहिती जागेवर घ्यायची असते. नंबर प्लेटसकट गाडीचे फोटो, पॉलिसी, आरसी, ड्रायव्हरचं लायसन्स, मालकाचा फोन. डिजिलॉकरमधली कागदं चालतात, तेव्हा ‘कागद घरी आहेत’ हे ऐकून सोडून द्यायचं नाही.

वकिली_जळगाव
मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६०. ज्याला भरपाई मागायची आहे त्याने अर्ज करून फी भरली की आरटीओने किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने गाडीची, ड्रायव्हरची आणि विम्याची माहिती द्यायची असते. पण त्याआधी अपघाताची नोंद हवी. पोलीस जागेवर नसतील तर ड्रायव्हरने २४ तासांत ठाण्यात कळवायचं असतं, कलम १३४. तुमचे उलटलेत, तरी आजच जा आणि उशिराचं कारण अर्जात लिहा. दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने.

साक्रीवाला
दावा न्यायाधिकरण, म्हणजे अपघात भरपाईचं कोर्ट, जखमी आणि मयतांसाठी असतं. पत्र्यासाठी कोण ऐकणार?

वकिली_जळगाव
कलम १६५ वाचा. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही त्यात येतं.

अमळनेरची_सिस्टर
दादा, मागच्या सीटवर कोण बसलं होतं?

गिरणाकाठ
आई आणि माझी मुलगी. मुलगी ठणठणीत आहे. आईची मान कालपासून धरलीय, पण तिला उसण भरायची सवयच आहे.

अमळनेरची_सिस्टर
ही उसण नाही हो. मागून धक्का बसला की मान झटक्याने मागे-पुढे जाते, आणि बऱ्याचदा दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं. शेकत, मालीश करत बसू नका. हाताला मुंग्या येतात का विचारा त्यांना. आजच सिव्हिलला न्या, अपघात झालाय हे डॉक्टरांना आधी सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. पत्रा नंतर ठोकता येईल.

सर्व्हे_काका
सिस्टरचं ऐका. आणि गाडीला हात लावू देऊ नका गॅरेजवाल्याला. आधी पंचनामा, फोटो, मग दुरुस्ती.

गिरणाकाठ
आईला दाखवून आलो. एक्स-रेमध्ये काही नाही, कॉलर दिलाय, आठ दिवस वाकायचं नाही म्हणाले. मुंग्या येत होत्या, उजव्या हाताला. आम्ही विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. केसपेपर घेऊन ठाण्यात गेलो, नोंद घेतली, उद्या जागेवर बोलावलंय. कलम १६० चा अर्जही दिला. मेहुणे म्हणतात धक्के दोन होते, पहिला मोठा. ट्रकचा नंबर मात्र फोटोत अर्धाच आलाय.

पारोळा_७७
तुम्ही थांबलात तिथून थोडं पुढे पेट्रोल पंप असेल तर आजच जाऊन कॅमेरे बघायला सांगा. जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. पोलिसांना घेऊनच गेलात तर पंपवाला नाही म्हणणार नाही.

गिरणाकाठ
पंप आहे. ठाण्यात फोन करून निघतोय.